अध्यक्षांचा फोटो कितव्या पानावर?

गेल्या महिन्यात पुतण्याचं पाकीट आलं. आत त्याच्या महाविद्यालयाचा वार्षिकांक आणि वर चिठ्ठी: 'काका, माझी कविता छापून आलीय. वाच आणि खरं खरं सांग.' पोरगं खरं सांग म्हणतंय तर सांगायलाच हवं. पण त्यासाठी ती कविता आधी सापडायला हवी होती.

अंक गुळगुळीत आर्ट पेपरचा, पाट्यासारखा जड. मुखपृष्ठावर उगवता सूर्य, सूर्यापुढं उघडं पुस्तक, पुस्तकातून उगवलेलं रोपटं आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून कोपऱ्यात मोरपीस. पहिल्या पानावर संस्थेचे अध्यक्ष. दुसऱ्यावर संस्थापक, म्हणजे अध्यक्षांचे वडील. तिसऱ्यावर सचिव, म्हणजे अध्यक्षांचे चिरंजीव. मग शुभेच्छा संदेश, प्राचार्यांचं मनोगत, एका प्राध्यापकांनी लिहिलेलं संपादकीय, विभागवार अहवाल, श्रमदान शिबिर, झाड लावणारे पाहुणे, पाहुण्यांना शाल देणारे अध्यक्ष आणि पाहुण्यांकडून शाल घेणारे अध्यक्ष. विद्यार्थ्याचं पहिलं लेखन ४७व्या पानावर. पुतण्याची कविता ८३व्या पानावर, दुसऱ्या एका कवितेच्या बगलेत कोंबलेली. शेवटच्या दोन ओळी गायब, कारण खाली क्रीडा विभागाचा फोटो बसवायचा होता. कवीचं आडनाव चुकलेलं. ते माझंही आडनाव असल्यामुळे चूक लगेच डोळ्यांत भरली.

संपादक मंडळात सात प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी प्रतिनिधी. त्या दोघांना काय काम होतं, असं मी फोनवर विचारलं. 'फोटोच्या दिवशी ब्लेझर घालून या, असं सांगितलं होतं,' पुतण्या म्हणाला.

महाविद्यालयाचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. तुमच्या घरात कोणी शिकत असेल तर त्याच्या कपाटात याच अंकाचं भावंड सापडेल. नाव 'अंकुर' असेल, 'झेप' असेल नाहीतर 'स्पंदन'. पहिली तीन पानं तीच असतील.

हे मी लिहितोय उत्तर कोलकात्यात, बागबाजारात बसून. नोकरीसाठी इथं आलो, त्याला आता बावीस वर्षं झाली. माझ्या घरापासून चार पावलांवर मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. पहिल्या वर्षी नातेवाईक आले की मी त्यांना मोठ्या ऐटीत ती पाटी दाखवायला न्यायचो. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचं सैन्य भास्करराम कोल्हटकराच्या हाताखाली बंगालवर चालून आलं, त्या धास्तीनं कंपनीच्या या गावानं स्वतःभोवती खंदक खणायला घेतला. त्याची ही खूण. नातेवाईक पाटीखाली फोटो काढायचे, छाती फुगवायचे. त्या खंदकाकडे मी शेवटी परत येईन. आधी त्या पाकिटाच्या संध्याकाळी काय झालं ते सांगतो.

आमच्या गल्लीत जुन्या घरांना रस्त्याकडेला कट्टे आहेत. त्यांना इथं 'रोक' म्हणतात. बागबाजारातला माणूस जन्मल्यापासून रोकवर बसतो आणि पुष्कळदा तिथंच म्हातारा होतो. त्या संध्याकाळी एका रोकवर कॉलेजातली चार पोरं, तीन मुलगे आणि एक मुलगी, कागद पसरून भांडत होती. मला ती 'काकू' म्हणतात. बंगालीत काकू म्हणजे काका. पहिले सहा महिने मला ते फार झोंबलं, आता सवय झाली. भांडण होतं त्यांच्या मासिकाच्या मुद्रितांवरून. ४८ पानं, म्हणजे १६ पानांचे तीन फॉर्म. ४९वं पान काढायचं तर अख्खा फॉर्म वाढतो, आणि तेवढे पैसे नाहीत. एक कविता जास्त झाली होती. ती त्यांच्यातल्याच एकाची, आणि नेमका तोच पोरगा वडिलांच्या ओळखीनं छापखान्यातून उधारी मिळवून देणारा.

यंदाची संपादक ती मुलगी. ती म्हणाली, 'होबे ना.' म्हणजे चालणार नाही. पोरगा चिडला. उधारीचा विषय निघाला. मुलीनं वाद घातला नाही. कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, तिसरं कडवं मोठ्यानं वाच. त्यानं वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीवर आवाज उतरला, तिसऱ्या ओळीवर थांबला. कागदाची घडी केली, खिशात घातली आणि उठून सगळ्यांसाठी मातीच्या भांड्यांतून चहा घेऊन आला. माझ्यासाठीही आणला. उधारी कायम राहिली.

मग त्यांनी मला मुखपृष्ठ दाखवलं. लिनोच्या तुकड्यावर कोरलेली नाव आणि घाटाच्या पायऱ्या. कोरणाऱ्याच्या अंगठ्याला पट्टी होती, बोटं काळी. पहिला छाप उलटा आला होता, कारण अक्षरं आरशातल्यासारखी कोरायची असतात हे त्याला कोरून झाल्यावर कळलं. दुसरा तुकडा आणून सगळं पुन्हा कोरलं. खर्च चौघांच्या शिकवण्यांच्या कमाईतून. प्रती २००, किंमत ३० रुपये. शंभरेक खपतील, पन्नास फुकट जातील, उरलेल्या कुणाच्या तरी पलंगाखाली. पुढचा अंक निघेल की नाही ते देव जाणे.

माझ्या एका हातात पुतण्याचा पाटा, समोर रोकवर ही ४८ पानं. तेव्हाच ठरवलं की या विषयावर आता गोड बोलायचं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. विद्यार्थ्यांच्या मासिकाचं मोल त्यातल्या कवितांत नसतं. कविता बहुतेक वाईटच असतात. त्या चौघांच्या अंकातल्याही निम्म्या वाईट होत्या. मोल आहे ते 'होबे ना' म्हणणाऱ्या त्या मुलीत, आणि ते ऐकून घडी करून कागद खिशात घालणाऱ्या त्या पोरात. बरोबरीच्या माणसाला, तोंडावर, कारणासकट नाही म्हणायचं; आणि बरोबरीच्या माणसाकडून नाही ऐकून घ्यायचं. आपल्या शिक्षणात ही एक गोष्ट कुठंच शिकवत नाहीत. परीक्षेत नापास करतो तो अनोळखी परीक्षक. वर्गात गप्प बसवतो तो शिक्षक. घरात नाही म्हणतो तो बाप. हे सगळे नकार वरून खाली येतात. सपाटीवरचा नकार फक्त मासिकाच्या टेबलावर भेटतो. जिथं तो नाही, तिथं कितीही पानांचं काहीही छापा, मी त्याला मासिक म्हणणार नाही. ती संस्थेची जाहिरात, आणि तिचे पैसे पोरांच्या खिशातून.

होय, पोरांच्याच खिशातून. प्रवेशाच्या वेळी मिळालेली शुल्काची पावती काढा. ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र यांच्या रांगेत कुठंतरी नियतकालिकाचा किंवा वार्षिकांकाचा रकाना सापडेल. ते पैसे विद्यार्थ्यानं आपल्या मासिकासाठी दिले. त्यातून छापले जातात अध्यक्षांचे वडील. लग्नात आहेर पाहुण्यांनी द्यायचा आणि मानपान मात्र मांडववाल्याचा, असला हा प्रकार.

आता हरकती घेऊ. पहिली प्राध्यापकांची: पोरांवर सोडलं तर दर्जा राहत नाही. दर्जा! १८७७ साली या बागबाजारापासून हाकेच्या अंतरावर, जोडासांकोच्या ठाकूरवाड्यातून 'भारती' मासिक निघालं. संपादक थोरला भाऊ द्विजेंद्रनाथ. त्यात धाकट्या, १६ वर्षांच्या रवींद्रनाथांनी मायकेल मधुसूदन दत्तांच्या 'मेघनादवध' काव्यावर झोड उठवणारी टीका लिहिली. मायकेल म्हणजे बंगाली काव्यातलं केवढं नाव, आणि त्यांना वारून चारच वर्षं झालेली. टीका उद्धट होती, चुकीचीही होती. पुढं आपल्या आठवणींत रवींद्रनाथांनी त्या आगाऊपणाची कबुली दिली. आपल्या एखाद्या वार्षिकाच्या संपादक मंडळापुढं तो लेख आला असता तर? 'थोरांचा अनादर' असा शेरा मारून परत गेला असता, आणि त्या जागी 'वृक्ष आपले मित्र' छापून आलं असतं. सोळाव्या वर्षी छापून चुकायला मिळालं, म्हणून पुढं ती चूक स्वतःच्या नावावर घेता आली. न छापलेली चूक सुधारत नाही, ती आतल्या आत आंबते.

दुसरी हरकत पैशांची. इथं मला हसूच येतं, कारण मी ज्या मोहल्ल्यात बसलोय त्याचा इतिहास फाटक्या खिशांचा आहे. शिशिरकुमार घोष आणि त्यांच्या भावांनी जेसोरच्या एका खेड्यात ३२ रुपयांना लाकडी छापयंत्र आणलं आणि १८६८ साली 'अमृतबाजार पत्रिका' काढली. पुढं ती कोलकात्यात आली, बागबाजारात स्थिरावली. १८७८ साली लॉर्ड लिटननं देशी भाषांतल्या पत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा केला, तेव्हा पत्रिकेनं रातोरात बंगालीचा वेश उतरवून इंग्रजीचा चढवला आणि कायदा हात चोळत बसला. इथल्याच उद्बोधन गल्लीतून 'उद्बोधन' मासिक निघतं. विवेकानंदांनी १८९९च्या जानेवारीत सुरू करवलं, पहिले संपादक स्वामी त्रिगुणातीतानंद. ते आजही निघतं. बागबाजार रीडिंग लायब्ररी १८८३ची. यातलं काहीही आर्ट पेपरवर सुरू झालेलं नाही. पैसे नाहीत म्हणणाऱ्या संस्थेनं अध्यक्षांचे रंगीत फोटो काळ्या-पांढऱ्यात छापावेत. तेवढ्या बचतीत दोन फॉर्म निघतील.

तिसरी हरकत: हल्ली वाचतंय कोण, पोरं मोबाईलवर लिहितात की! लिहितात, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण मोबाईलवर कुणी 'होबे ना' म्हणत नाही. तिथं अंगठा दाखवतात, तोही वर केलेला. तिसरं कडवं मोठ्यानं वाच, असं सांगणारा तिथं भेटत नाही. ४८ पानांत काय बसेल आणि काय नाही, हा पेचही तिथं नाही. जागा अमाप, म्हणून निवड शून्य. शिवी देणारे भेटतात, पण शिवी म्हणजे संपादन नव्हे. आणि मुद्रितं तपासताना ऱ्हस्व-दीर्घावरून मित्राशी दीड तास भांडलेल्या पोराला भाषेची जी किंमत कळते ती फुकट फलकावर कळत नाही. आपल्या खिशातले ३० रुपये लागले की शब्द जपून खर्च होतात.

बंगाल्यांची आरती ओवाळतोय, असं कुणाला वाटेल. थांबा. या शहरात दर दोन कवींमागे एक मासिक आहे आणि दर मासिकामागे एक फाटाफूट. माझ्या डोळ्यांदेखत एका मासिकाची दोन झाली आणि वर्षभरात दोन्ही बुडाली. इथं ढोंगही भरपूर आहे. फ्रेंच कवीचं नाव घेतल्याशिवाय काहींना चहा पचत नाही. पण एक गोष्ट इथं मानतात: मासिक काढणं हे तरुणपणाचं काम आहे, आणि ते त्यांचं त्यांनीच करायचं. प्रेसिडेन्सी कॉलेजचं मासिक १९१४चं आणि संपादक विद्यार्थी. १९५३ साली सुनील गंगोपाध्याय, आनंद बागची, दीपक मजुमदार या विशीच्या आगेमागे असलेल्या तिघांनी 'कृत्तिवास' काढलं, तेही खास तरुण कवींसाठी. कुणा अध्यक्षांचा शुभेच्छा संदेश त्यांना लागला नाही.

आणि बुडालेल्या मासिकांचं काय होतं, तेही ऐका. संदीप दत्त नावाचे एक शाळामास्तर होते. १९७२ साली इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्यांनी लहान मासिकांचे गठ्ठे टाकून देण्यासाठी बांधून ठेवलेले पाहिले. माणूस हळहळून घरी गेला नाही. म्हणजे गेला, पण १९७८ साली त्याच घरात, कॉलेज स्ट्रीटजवळच्या टेमर लेनमध्ये, त्यानं लिटल मॅगझिनांचं ग्रंथालय उघडलं. ते २०२३ साली वारले तोवर तिथं जमिनीपासून छतापर्यंत मासिकं साठली होती, ज्यांचे दोनच अंक निघाले अशीसुद्धा. संशोधक तिथं येऊन टिपणं काढायचे. एका मास्तरानं, पगारातून. आपल्याकडे अनुदान घेणाऱ्या किती महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत स्वतःच्या वार्षिकांचे सगळे अंक ओळीनं लावलेले आहेत? असलेच तर ते काचेच्या कपाटात, नॅकची समिती येईल त्या दिवसासाठी. किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई रजेवर.

आपल्याकडे हे कधी नव्हतंच असं असतं, तर मी इतका तडतडलो नसतो. आपल्याकडे होतं. काशिनाथ रघुनाथ आजगावकर या माणसानं बंगालीच्या प्रेमापोटी 'मित्र' हे आडनाव लावलं, 'मनोरंजन' चालवलं आणि १९०९ साली मराठीला पहिला दिवाळी अंक दिला. १९५५च्या आसपास मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' काढलं, सायक्लोस्टाइलवर. चित्रे तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. बोटाला शाई लागायची, अक्षरं पुसट यायची, आणि मराठी कवितेचा पुढचा रस्ता त्या पुसट अक्षरांतून गेला. पाठोपाठ अशोक शहाण्यांचं 'असो' आलं, भालचंद्र नेमाड्यांचं 'वाचा' आलं. त्यातले शहाणे तर बंगाली कोळून प्यालेले.

आणि निव्वळ महाविद्यालयाचंच उदाहरण हवं असेल तर तेव्हाच्या औरंगाबादला चला. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली सुरू केलेलं आणि पुढं मिलिंद या नावानं ओळखलं गेलेलं महाविद्यालय. ज्यांच्या घरात लिहिणारी ती पहिलीच पिढी, अशी पोरं तिथं वसतिगृहात राहून शिकत होती. म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारखे शिक्षक होते. त्या महाविद्यालयाच्या वार्षिकात त्या पोरांनी आपलं जगणं लिहिलं. त्याच वातावरणातून पुढं 'अस्मितादर्श' हे नियतकालिक उभं राहिलं आणि मराठी साहित्याची कूस बदलली. त्या शिक्षकांनी वार्षिकाची पहिली ४६ पानं फोटोंनी भरली असती तर? दलित साहित्य थांबलं नसतंच, त्यानं दुसरी वाट काढली असती. पण महाविद्यालयाच्या इतिहासातलं ते मानाचं पान कोरं राहिलं असतं. शिक्षकाचं काम म्हणतात ते हे: दार उघडं ठेवायचं आणि आपण बाजूला उभं राहायचं.

१९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत 'सत्यकथा' मासिकाच्या अंकाची होळी केली. ते योग्य होतं का, यावर अजून वाद घालता येतो. पण एक विचार करा. जाळावंसं वाटायला मासिक आधी वाचावं लागतं. आज एकाही महाविद्यालयाचं वार्षिक कुणी जाळणार नाही. आणि कुणाला हुक्की आलीच, तरी आर्ट पेपर नीट पेटत नाही.

आता शेवटची हरकत. ती कुणी बोलून दाखवत नाही, पण खरी तीच: पोरांच्या हातात मासिक दिलं तर ती काहीबाही लिहितील, वाद होतील. मेसच्या आमटीवर लिहितील. देणगीवर लिहितील. जातीवर लिहितील. एखादी मुलगी असं काही लिहील की कार्यकारिणीची तातडीची बैठक घ्यावी लागेल. म्हणून आधी समिती, समितीवर उपसमिती, उपसमितीवर प्राचार्य, प्राचार्यांवर सचिव.

इथं माझाही हिशेब चुकता करतो. तीसेक वर्षांपूर्वी मी अशाच एका वार्षिकाच्या मंडळावर विद्यार्थी प्रतिनिधी होतो. माझ्या खोलीतल्या मित्रानं वसतिगृहावर कथा दिली होती. त्यात रेक्टर रात्री तांदळाचं पोतं स्कूटरवर घालून नेतो. कथा फर्मास होती. सर म्हणाले, 'संस्थेची बदनामी होईल, तुमचं काय मत?' मी मूग गिळून बसलो. माझी पावसावरची कविता त्याच अंकात होती आणि ती मला छापून यायला हवी होती. आली. त्या कवितेतली एकही ओळ आज मला आठवत नाही. ती कथा मात्र पोत्याच्या गाठीसकट आठवते. मित्र आता शेती करतो, भेटला की मिठी मारतो आणि त्या गोष्टीवर अवाक्षर काढत नाही. एकदा तरी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. म्हणजे संपादक मंडळं कशी मुकी होतात, हे मी ऐकीव सांगत नाही. त्या मुक्यांत मी बसलेला आहे, ब्लेझर घालून.

उलट उदाहरणही मराठीच आहे, आणि याच शहरातलं. देवघरकडच्या मराठी घराण्यातले सखाराम गणेश देऊस्कर बंगालीत लिहायचे. १९०४ साली त्यांचं 'देशेर कथा' हे पुस्तक आलं, १९१०ला सरकारनं त्यावर बंदी घातली. ते 'हितवादी'चे संपादक होते. सुरत काँग्रेसनंतर मालकांनी टिळकांच्या विरोधात लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांनी संपादकपद सोडलं. पोटावर पाय आला तरी 'होबे ना'. ही हिंमत चाळिशीत एकाएकी उगवत नाही. तिची तालीम कुठंतरी विशीत, क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर व्हावी लागते. एखाद्या तिसऱ्या कडव्यावरसुद्धा.

तर तो खंदक. ठरला होता सात मैलांचा, खणून झाला तीनेक मैल. मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत. अर्धवट खंदकात गावानं कचरा टाकला, पुढं तो बुजवून त्या बाजूनं रस्ता केला, आणि आमच्या घराजवळ नावाची पाटी तेवढी उरली. आपल्या महाविद्यालयांनी वार्षिकांकांभोवती समित्यांचा जो खंदक खणलाय, त्याची गत हीच आहे. ज्या भयंकर कवितेच्या धास्तीनं खणला, ती कविता आलीच नाही. पोरं शहाणी आहेत. पलीकडे काय चाललंय ते पाहून ती आल्या पावली परत गेली. खंदकात आता फक्त फोटो साठताहेत. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या भीतीनं दुसऱ्यांनी खंदक खणला, याचा आम्हाला अभिमान. आज आपल्याच पोरांच्या भीतीनं आम्ही खणतोय, त्याचं काय?

करायचं काय, ते फार अवघड नाही. संपादक विद्यार्थी असावा आणि तो विद्यार्थ्यांनीच निवडावा. निवड-नाकारीचा शेवटचा शब्द त्याचा. शिक्षक सल्ल्याला असावा, आणि विचारल्यावरच बोलावा. जे परत जाईल त्यासोबत दोन ओळींचं कारण जावं. चित्रं पोरांनी काढावीत. मोरपिसाला आता सेवानिवृत्ती द्यावी. अहवाल, शाली, सत्कार यांची वेगळी पुस्तिका संस्थेनं स्वतःच्या खर्चानं छापावी. ती कितीही जाड असो, आमचं काही म्हणणं नाही. आणि वार्षिकांकाच्या रकान्यात जमलेले पैसे किती आणि गेले कुठं, हे त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर छापावं.

हे कुणी आपणहून करणार नाही. म्हणून पोरांनो, वाट बघू नका. १६ पानांना एक फॉर्म पुरतो, आणि तोही परवडत नसेल तर झेरॉक्स आहे, तेही नसेल तर भिंत आहे. आणि आईबापहो, पुढच्या जूनमध्ये पावती हातात आली की तो रकाना शोधा आणि प्राचार्यांना एकच प्रश्न विचारा: यंदाच्या अंकाचा संपादक कोण, आणि त्यानं काय काय नाकारलं?

पुतण्याला उत्तर पाठवलंय. त्याला खरं हवं होतं. लिहिलं: 'पाचवी ओळ चांगली आहे. पहिल्या चार काढून टाक. शेवटच्या दोन तुझ्याकडे असतील तर पाठव, मला त्या वाचायच्यात. हे सगळं तुला छापायच्या आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. ते काम संपादकाचं. तुमच्या अंकाला संपादक नव्हता, नुसते अध्यक्ष होते.'